परळच्या कोंबड्यांपासून मराठवाड्याच्या ताटापर्यंत

१९८० च्या दशकात देशातल्या कुक्कुटपालनावर एक साथ आली. हजारो कोंबड्या मरू लागल्या. परळच्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयात डॉ. एस. एम. अजिंक्य हे विकृतिशास्त्रज्ञ या मेलेल्या पक्ष्यांचे विच्छेदन करत होते. साथीमागे एक विषाणू असल्याचे त्यांनी शोधून काढले. त्याला नाव मिळाले एसएमएएम-१. पक्ष्यांचे यकृत फिके आणि मोठे झालेले होते, मूत्रपिंडे सुजलेली होती. आणखी एक नोंद होती, तिच्याकडे साथीच्या धावपळीत फारसे कोणी लक्ष दिले नव्हते: पोटाच्या पोकळीत चरबीचे थर साचलेले होते.

अजिंक्यांच्या परिचयातल्या कुटुंबात निखिल धुरंधर नावाचा एक तरुण डॉक्टर होता. मुंबईत तो लठ्ठपणावर उपचार करत होता. वडीलही त्याच क्षेत्रातले. रुग्ण येत, आहार पाळत, काही किलो उतरत आणि पुन्हा मूळ वजनावर जात. हे असे का होते, हा प्रश्न त्याला छळत होता. अजिंक्यांशी बोलताना या कोंबड्यांचा विषय निघाला आणि धुरंधर थबकले. आजारी प्राणी खंगतो, मरताना त्याची चरबी झडते. मग हे पक्षी मेदाने भरलेले कसे?

त्यांनी प्रयोग केला. निरोगी कोंबड्यांचे दोन गट केले, एका गटाला विषाणूची लागण केली, दोन्हीकडे खाद्य तेच ठेवले. काही आठवड्यांनी लागण झालेल्या पक्ष्यांच्या पोटात चरबी जास्त भरली. दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक होती: चरबी वाढली तरी रक्तातले कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड कमी झाले होते. त्यानंतर त्यांनी आपल्या ५२ रुग्णांचे रक्त तपासले. दहा जणांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. या दहा जणांचे वजन इतरांपेक्षा अधिक होते आणि रक्तातली चरबी त्यांच्यातही कमीच होती. कोंबड्यांवरचे निष्कर्ष १९९२ साली पशुवैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आले, माणसांवरचे १९९७ साली.

त्या काळात हे बोलणेही धाडसाचे होते. लठ्ठपणाचे कारण सगळ्या जगाला पाठ होते: खाणे जास्त, हालचाल कमी. आपल्याकडे ‘अंग सुटलंय’ म्हणताना त्यात आळसाचा आरोप असतोच. ‘मी खात नाही हो एवढं’ असे सांगणाऱ्या बाईवर डॉक्टरही विश्वास ठेवत नसत. बाहेरचा एखादा सूक्ष्म जीव चरबीच्या हिशेबात हात घालत असेल, हा विचार मुंबईतल्या एका पशुवैद्याच्या टेबलावरून पुढे आला, याची आपल्याला पुरेशी जाणीव नाही.

धुरंधर अमेरिकेला गेले. एसएमएएम-१ विषाणू तिकडे नेण्याची परवानगी तिथल्या कृषी खात्याने दिली नाही. म्हणून विस्कॉन्सिन विद्यापीठात रिचर्ड ॲटकिन्सन यांच्याबरोबर त्यांनी माणसातच आढळणारा एक नातलग विषाणू निवडला, ॲडिनोव्हायरस-३६. १९७८ साली जर्मनीतल्या एका लहान मुलीच्या विष्ठेत तो प्रथम सापडला होता. त्यानेही कोंबड्यांची आणि उंदरांची चरबी वाढवली, हे २००० साली प्रसिद्ध झाले. २००५ च्या अहवालात ५०२ अमेरिकन माणसांचे रक्त तपासलेले होते: लठ्ठ व्यक्तींपैकी ३० टक्क्यांत या विषाणूच्या खुणा होत्या, इतरांपैकी ११ टक्क्यांत. पुढच्या सगळ्या अभ्यासांत हा संबंध दिसला नाही. अमेरिकी सैनिकांवरच्या पाहणीत तो आढळला नाही. पण एक दार उघडले गेले होते. लठ्ठपणा आणि सूक्ष्म जीव हे दोन शब्द एका वाक्यात लिहिले जाऊ लागले.

या दोन शब्दांची गाठ त्याआधीही एकदा पडली होती, आणि तीही कोंबड्यांमुळेच. १९४८ साली अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेतून ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक बाहेर आले. या संशोधनाचे नेतृत्व भीमावरमला जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. त्यांच्या पश्चात तिथले थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड कोंबडीच्या पिलांना वाढीसाठी ब-१२ जीवनसत्त्वाचे स्रोत खाऊ घालून पाहत होते. त्यासाठी औषध काढून घेतल्यानंतर उरलेला चोथाही त्यांनी वापरला. पिले अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने वाढली. जीवनसत्त्वाने एवढी वाढ समजावून सांगता येईना. चोथ्यात राहिलेले थोडेसे प्रतिजैविक पिलांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर काम करत होते. १९५० पासून जगभरच्या कोंबड्या, डुकरे, गुरे यांच्या खाद्यात अल्प प्रमाणात प्रतिजैविके मिसळली जाऊ लागली. त्यातून मांस वाढले, पैसा वाढला, आणि औषधांना न जुमानणारे जिवाणूही वाढले. आतड्यातले जिवाणू बदलले की शरीराचे वजन बदलते, हे शेतीच्या धंद्याने अर्धे शतक रोज वापरले. माणसाच्या वैद्यकाने मात्र त्यातून प्रश्न विचारला नाही.

तो प्रश्न २००४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात विचारला गेला. जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत काही उंदीर जन्मापासून पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवले जात. त्यांच्या आतड्यात एकही जिवाणू नसे. हे उंदीर खात भरपूर, तरी सडपातळ राहत. फ्रेड्रिक बॅकहेड यांनी साध्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू त्यांना दिले. दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, तीही आधीपेक्षा कमी खाऊन.

यामागची यंत्रणा समजून घ्यायला हवी. जठरात आम्ल असल्यामुळे तिथे फार थोडे जिवाणू टिकतात. खरी वस्ती मोठ्या आतड्यात असते. आपण खाल्लेल्या धान्याचा, डाळीचा, भाजीचा जो भाग आपले पाचकरस फोडू शकत नाहीत, तो चोथा तिथवर पोचतो. जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही छोट्या साखळीची मेदाम्ले तयार होतात. ती आपल्या शरीरात शोषली जातात आणि ऊर्जा देतात. ब्युटिरेट आतड्याच्या अस्तराचे पोषण करते. काही जिवाणू भुकेच्या संदेशांवर, काही चरबी साठवण्याच्या प्रक्रियेवर परिणाम करतात. म्हणजे एकाच ताटातून दोन माणसांना मिळणारी ऊर्जा अगदी सारखी असेलच असे नाही.

२००६ साली गॉर्डन यांच्याच गटातल्या रूथ ले आणि पीटर टर्नबॉ यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. लठ्ठ उंदरांत आणि लठ्ठ माणसांत फर्मिक्युट्स या मोठ्या कुळातले जिवाणू अधिक आणि बॅक्टेरॉइडेट्स कुळातले कमी आढळले. वजन उतरले तसे हे प्रमाण उलटे झुकले. वर्तमानपत्रांना सोपे सूत्र मिळाले: फर्मिक्युट्स वाढले की माणूस लठ्ठ होतो. माणसांवरचा तो अभ्यास अवघ्या बारा लठ्ठ अमेरिकनांवर झाला होता, ही गोष्ट मथळ्यांत आली नाही.

हे सूत्र आपल्याला लागू पडते का, हे तपासण्याचे काम पुण्यात झाले. गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांचा गट, आघारकर संशोधन संस्थेत प्राणवायूशिवाय जगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा अभ्यास करणारे डॉ. दिलीप रानडे आणि विक्रम लांजेकर, आणि वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणारे डॉ. शशांक शहा व डॉ. जयश्री तोडकर असे लोक एकत्र आले. दीपक पाटील आणि धीरज धोत्रे यांच्यासारख्या तरुण संशोधकांनी चार गटांतल्या भारतीयांचे नमुने घेतले: सडपातळ, सामान्य वजनाचे, लठ्ठ, आणि शस्त्रक्रियेनंतर वजन उतरलेले. प्रत्येक गटात पाच माणसे. नमुन्यांतून तीन हजारांहून अधिक जनुकीय क्रम वाचले गेले. निष्कर्ष २०१२ साली ‘जर्नल ऑफ बायोसायन्सेस’मध्ये आला.

अमेरिकन सूत्र इथे टिकले नाही. त्या दोन मोठ्या कुळांच्या प्रमाणात लठ्ठ आणि सडपातळ यांच्यात ठळक फरकच दिसला नाही. उलट बॅक्टेरॉइडेट्स कुळातले, म्हणजे अमेरिकेत ‘सडपातळांचे’ ठरलेल्या कुळातले बॅक्टेरॉइड्स नावाचे जिवाणू आपल्या लठ्ठ माणसांत जास्त होते. त्यांच्यात मिथेन तयार करणारे आर्किया नावाचे सूक्ष्म जीवही बरेच अधिक आढळले आणि विष्ठेतल्या मेदाम्लांचे प्रमाण वाढलेले होते. आर्किया जिवाणूंनी सोडलेला हायड्रोजन वापरून टाकतात, त्यामुळे आंबवण्याची क्रिया अडत नाही आणि अन्नातून अधिक ऊर्जा सुटू शकते. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे तिन्ही आकडे खाली होते. वीस माणसांवरचा हा अभ्यास लहान आहे आणि आणखी संशोधन हवे, असे लेखकांनी स्वतःच लिहिले. त्यांचा प्रामाणिकपणा योग्य ठरला. २०१६ साली मार्क झी आणि पॅट्रिक श्लॉस यांनी दहा अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हा लठ्ठपणा आणि त्या दोन कुळांचे प्रमाण यांचा भक्कम संबंध सापडला नाही. पुण्यातल्या छोट्या अभ्यासाने हा इशारा चार वर्षे आधी दिला होता.

त्याच गटाने पुढे भारतीय आतड्याचे स्वतंत्र रूप दाखवले. २०१६ साली श्रीकांत भुते आणि सहकाऱ्यांनी ३४ निरोगी भारतीयांचे नमुने जगातल्या इतर समाजांशी ताडून पाहिले. आपल्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे जिवाणू विशेष भरलेले निघाले. धान्य, डाळी आणि भाज्यांवर जगणाऱ्या समाजांत प्रिव्होटेला जगभर अधिक आढळतो. मेगास्फेराची एक नवी जाती तर माणसाच्या विष्ठेतून पुण्यातच वेगळी केली गेली आणि २०१४ साली तिचे नाव ठेवले गेले ‘मेगास्फेरा इंडिका’.

लठ्ठपणाची व्याख्याही आपल्याकडे वेगळी लागते, हे पुण्याच्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवले. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. आपली बाळे वजनाने हलकी जन्मतात, पण त्या हलक्या शरीरात चरबीचा वाटा अधिक असतो, असे दिसले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आपला आणि इंग्लंडमधले मित्र जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच: २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे वजनाच्या काट्याइतकाच कंबरेचा टेप महत्त्वाचा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरपुढे आणि स्त्रीची ८० पुढे गेली की धोका सुरू होतो.

आता हा सगळा इतिहास नांदेड-लातूरकडे वळवू. याज्ञिकांचे निष्कर्ष वाचताना मराठवाड्याच्या माणसाला १९७२ चा दुष्काळ आठवल्याशिवाय राहत नाही. खडी फोडणाऱ्या बायका, कामावर वाटली जाणारी सुकडी, रेशनवरचा तांबडा मिलो. त्या दुष्काळात अर्धपोटी राहिलेल्या मुली पुढे आया झाल्या, आज आज्या आहेत. आईच्या कुपोषणाचा ठसा बाळाच्या चरबीवर उमटतो, हे खरे असेल तर मराठवाड्यातले लठ्ठपण आणि मधुमेह हे केवळ सुबत्तेचे आजार म्हणता येणार नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातली सुमारे पाचातली एक स्त्री कमी वजनाची निघाली, आणि त्याहून थोड्या अधिक स्त्रिया जादा वजनाच्या. हे दोन्ही टोकांचे दुखणे एकाच गावात, कधी एकाच घरात नांदते.

त्या दुष्काळानंतरच्या पन्नास वर्षांत ताट बदलले. मराठवाड्याचे मूळ अन्न ज्वारीचे. शाळूची भाकरी, कण्या, धपाटे, हुरडा, अंबाडीची भाजी, तुरीचे वरण, वर करडईचे तेल. भात सणासुदीला. मग सोयाबीन आले. लातूरची बाजार समिती सोयाबीनसाठी देशभर ओळखली जाऊ लागली. ज्वारीला काढणीची मजुरी परवडेना, पाखरे राखायला माणूस मिळेना, कडब्याची गरज असलेली जनावरेही कमी झाली. शेतकऱ्याने नगदी पीक धरले, त्यात त्याचा दोष नाही. रेशनवर गहू आणि तांदूळ मिळाला, त्याने भूक भागली, हेही खरे. पण जिवाणूंच्या बाजूने पाहिले तर त्यांचे खाद्य घटले. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतुमय भाग असतो, पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात तीनहूनही कमी. चक्कीवर दळलेल्या, कोंडा न काढलेल्या गव्हाच्या पिठात तो ज्वारीइतका आहे, म्हणून चपातीला बोल लावायचे कारण नाही. ताटात खरी घुसखोरी पांढऱ्या भाताची, बिस्किटांची, पावाची, फरसाणाची आणि साखरेच्या चहाची झाली आहे.

याचा वजनाशी संबंध किती? २०१३ साली गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेतल्या व्हॅनेसा रिडौरा यांनी अशा जुळ्या बहिणींचे जिवाणू घेतले, ज्यांच्यातली एक लठ्ठ आणि दुसरी सडपातळ होती. जंतुविरहित उंदरांना ते दिले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांची चरबी वाढली. पुढे दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले, तेव्हा सडपातळ बहिणीचे जिवाणू दुसऱ्यांच्या आतड्यात शिरले आणि त्यांना चरबीपासून वाचवले. मात्र हे घडले ते चरबी कमी आणि चोथा भरपूर असलेल्या खाद्यावरच. स्निग्ध, बिनचोथ्याच्या खाद्यावर चांगले जिवाणू रुजलेच नाहीत. शांघायच्या झाओ लीपिंग यांनी १७४.८ किलोच्या एका रुग्णाला कोंड्यासह धान्ये आणि जिवाणूंना पोसणारे पदार्थ यांवर ठेवले. २३ आठवड्यांत त्याचे ५१.४ किलो उतरले आणि आतड्यातला एंटेरोबॅक्टर हा उपद्रवी जिवाणू, जो आधी एकूण वस्तीच्या ३५ टक्के होता, जवळजवळ नाहीसा झाला. हा एका माणसाचा अनुभव आहे, नियम नव्हे. पण दोन्ही प्रयोगांची दिशा एकच आहे: पेरलेले बी जमिनीत ओल असेल तरच उगवते, तसे चांगले जिवाणू त्यांचे खाद्य असेल तरच टिकतात.

म्हणूनच पोटातल्या जिवाणूंच्या नावाने विकल्या जाणाऱ्या महागड्या कॅप्सूलमागे धावू नये असे मला मनापासून वाटते. वजन उतरवणारा जिवाणू अजून कोणत्याही बाटलीत भरलेला नाही. सर्दी-पडशाला मुलांना प्रतिजैविके देण्याचा आग्रह पालकांनी सोडावा. लेडर्लेतल्या पिलांचे काय झाले, हे विसरू नये. आणि येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, लातूर-नांदेडकडच्या शेतात कोपीसमोर जे वाढले जाते ते आठवावे: ज्वारीचे आंबवलेले अंबिल, उंडे, आणि वाटाणा, तूर, हरभरा, पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी. एका दिवसाच्या त्या जेवणात जितकी धान्ये, डाळी आणि भाज्या असतात, तितक्या आपल्या आठवड्याच्या ताटात आल्या तर आतड्यातल्या वस्तीला पुरेसे खाद्य मिळेल. लातूरच्या शिकवण्यांसाठी खोल्या घेऊन राहणारी, दिवसभर बसून असणारी आणि मेसच्या भातावर जगणारी मुले आहेत. त्यांच्या मेसमध्ये दिवसातून एक वेळ भाकरी आणि उसळ मिळणे अवघड नाही.

संशोधनाचे कामही आपलेच आहे. वीस माणसांच्या नमुन्यांनी पुण्याने एका जागतिक सूत्राला आव्हान दिले. नांदेडला शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहे. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. ज्वारीचे वाण घडवणारे परभणीचे कृषी विद्यापीठ जवळच आहे. या संस्थांनी हात मिळवले, भाकरी खाणाऱ्या आणि भाकरी सोडलेल्या कुटुंबांचे नमुने वर्षानुवर्षे तपासले, तर जगाला देण्यासारखे उत्तर मराठवाड्यातून निघू शकते. अजिंक्य आणि धुरंधर यांच्याकडे तरी कुतूहल आणि काही कोंबड्यांखेरीज काय होते?

तोवर एक गोष्ट प्रत्येकाला आजपासून करता येईल. ‘हवा खाल्ली तरी अंगाला लागते’ असे सांगणाऱ्या बाईला हसू नका. चाळीस वर्षांचे विज्ञान तिच्या बाजूने साक्ष देत आहे. लठ्ठपणा हा चारित्र्याचा दोष नाही. त्यात अनुवंश आहे, आईच्या पोटातले दिवस आहेत, ताट आहे, कष्ट आहेत आणि आतड्यातल्या कोट्यवधी जिवांचाही वाटा आहे. तिला दोष देण्याऐवजी तिच्या ताटात भाकरी आणि डाळ-भाजी पोचेल, असे पाहणे हे आपल्या सगळ्यांचे काम आहे.